गंगापूर रस्त्यावरच्या मळ्यांतली न्याहारी: ताटात मळा किती असतो?

गोदातीर

नमस्कार. माझे माहेर नाशिकचे आणि नोकरी पुण्यात, त्यामुळे सुट्टीत घरी गेले की आणि सोबत पाहुणे असले की रविवारची सकाळ मळ्यातल्या मिसळीवर जाते. गेल्या दोन हिवाळ्यांत गंगापूर रस्ता, मखमलाबाद, चांदशी आणि गिरणारे या पट्ट्यात अशा सात-आठ ठिकाणी जाणे झाले. मेन रोडची भगवंतराव, पंचवटीची अंबिका आणि सातपूरची श्यामसुंदर या मिसळी खात मी लहानाची मोठी झाले. त्या खायच्या म्हणजे बाकड्यावर अंग चोरून बसायचे, मागे उभ्या असलेल्या माणसाची नजर पाठीवर झेलायची आणि पाव संपताच उठायचे. मळ्यात याच्या अगदी उलट असते. मोतीवाला महाविद्यालयाच्या रस्त्यावरच्या साधनाची चुलीवरची मिसळ आता परगावच्या पाहुण्यांनाही नावानिशी ठाऊक आहे, आणि तशाच मोकळ्या आवारात, बाजेवर किंवा झाडाखालच्या बाकावर बसवून खाऊ घालणारी ठिकाणे शहराच्या पश्चिमेला जागोजाग झाली आहेत.

हा धागा काढण्यामागे एक प्रसंग आहे. डिसेंबरच्या अखेरीस एका मळ्यात आम्ही सकाळी आठ वाजता पोहोचलो, तेव्हा हाती आलेल्या कागदी चिठ्ठीवर ४३ हा आकडा होता. थंडी इतकी होती, की स्टीलच्या पेल्यातले पाणी दाताला लागत होते आणि द्राक्षाच्या पानांवरचे दव अजून उतरले नव्हते. तासाभराने ताट आले. वाटीत मोड आलेली मटकी, वेगळ्या ताटलीत शेव-फरसाण, छोट्या बादलीत रस्सा, वर तर्रीचा लाल थर, शिवाय कांदा, लिंबू, दही, भाजलेला पापड, दोन पाव आणि शेवटी गरम जिलबी. चव उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तेव्हा पत्र्याच्या आडोशाला गॅसच्या मोठ्या शेगडीवर कमरेएवढे पातेले उकळताना दिसले. एक मुलगा त्यातला रस्सा बादलीने नेऊन दर्शनी चुलीवरच्या हंड्यात ओतत होता, आणि त्या हंड्यासमोर उभे राहून लोक छायाचित्रे काढत होते.

मी त्याच मुलाला सहज विचारले, की या ताटातले तुमच्या मळ्यातले काय काय आहे? त्याने बोटे मोजत कांदा, कोथिंबीर आणि लिंबू अशी तीन नावे घेतली, थोडे थांबून चौथ्या बोटावर दही मोजले आणि पुढे तो हसला. मला फसवणूक झाल्यासारखे वाटले नाही, पण तेव्हापासून प्रश्न मनात राहिला आहे. आपण मळ्यात बसून खातो, की मळ्यातले खातो? आपले अनुभव लिहावेत. जे अनुभव वाईट असतील, ते ठिकाणाचे नाव न घेता लिहावेत, ही विनंती.

खलबत्ता

गोदातीर, गॅसवरचे पातेले पाहून तुम्हांला जो प्रश्न पडला, त्याचे उत्तर माझ्या मते त्या पातेल्यात नाही. झाकण ठेवून उकळणाऱ्या रश्श्याला खाली बाभळीचे लाकूड जळते आहे की गॅस, याने फारसा फरक पडत नाही, कारण धूर भांड्याच्या बाहेरून जातो आणि आत जाते ती फक्त उष्णता. चुलीची चव लागते ती वाटणामुळे. आमच्याकडे काळ्या रश्श्यासाठी कांदे सालासकट निखाऱ्यांत पुरतात. वरची साले कोळशासारखी होतात, आतला गर मऊ आणि गोडसर होतो, आणि साले काढली तरी धुराचा वास गरात राहतो. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी चिमट्यात धरून थेट जाळावर भाजली, की तिला क्षणभर आग लागते. ती फुंकून विझवायची आणि खोबरे काळसर तपकिरी झाले, की बाजूला घ्यायचे. यात पाच-दहा सेकंदांचा उशीर झाला, तर सगळा रस्सा कडू होतो. धने, दगडफूल, लवंग, मिरे हे मात्र तव्यावरच, मंद आचेवर भाजायचे.

म्हणून मळ्यात गेल्यावर चूल पेटलेली आहे का, हे पाहण्यापेक्षा चुलीतल्या राखेत कांद्याची जळकी साले दिसतात का, हे पाहावे. ती दिसली, तर रस्सा कशावर उकळला याची चौकशी मी करत नाही. ती दिसली नाहीत आणि रश्श्याचा रंग तरीही काळा असेल, तर मसाला तयार पुड्यातला आहे असे समजून जिलबीकडे वळतो.

उंबरठा

मी आई-वडिलांना घेऊन दोनदा गेलो. वडील ७८ वर्षांचे आहेत आणि आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. बाज ही दिसायला सुंदर वस्तू आहे, पण ज्याला तिच्यावरून उठायचे असते, त्याची परीक्षा पाहते, ही गोष्ट तरुण मालकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या ठिकाणी आईला उठवण्यासाठी आम्हां दोघांना हात द्यावा लागला आणि त्या गडबडीत दह्याची वाटी सांडली. तिथे वाहनतळापासून बसण्याच्या जागेपर्यंतची वाट ठिबकच्या नळ्यांवरून जात होती, पाण्याचा नळ एकच होता आणि त्याच्याखाली चिखल झाला होता. स्वच्छतागृहाबद्दल लिहीत नाही. ग्रामीणपणा म्हणून गैरसोय खपवली जाते, असे माझे स्पष्ट मत झाले. शेतकऱ्याच्या घरी पाहुणा गेला, तर त्याला पाय धुवायला तांब्याभर स्वच्छ पाणी आणि बसायला घोंगडी आधी मिळते. मळा म्हटले की अस्वच्छता चालायचीच, हा समज शहरी माणसाने करून घेतला आहे आणि काही मालकांनी तो सोयीने मान्य केला आहे.

दुसरे ठिकाण, मखमलाबादच्या पुढचे, याच्या उलट निघाले. आईला पाहताच तिथल्या काकूंनी घरातून हाताची खुर्ची आणून दिली, तिखट सोसत नाही म्हटल्यावर तर्री बाजूला काढून नुसत्या मटकीच्या पातळ उसळीत दही घालून दिले, आणि वडिलांना जिलबीऐवजी गुळाचा खडा चालेल का, असे विचारले. वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे दोन्ही चालत नव्हते, पण त्या विचारण्यानेच ते खूश झाले.

मळेकरी

मी हा धागा दोन दिवस वाचत होतो आणि लिहावे की नाही, या विचारात होतो, कारण मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. आमची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि चार वर्षांपासून शनिवार-रविवारी आम्ही मिसळ करतो. नाव सांगत नाही, जाहिरात होईल.

गोदातीर ताईंनी पाहिले ते आमच्याकडेही आहे. रविवारी दीडशे-दोनशे माणसांचा रस्सा एका चुलीवर होत नाही. वाटणाचा कांदा आणि खोबरे शनिवारी संध्याकाळी आमची आई चुलीत भाजते, उकळी गॅसवर येते आणि पुढची चूल रस्सा गरम ठेवण्यासाठी असते. विचारणाऱ्याला आम्ही हे सांगतो, पण विचारणारे कमी असतात आणि छायाचित्रे काढणारे जास्त.

ताटात मळा किती, याचे उत्तर खरोखर चार बोटांइतकेच आहे, आणि त्याला कारण आहे. मटकी हे कोरडवाहू जमिनीचे पीक असून देशातल्या मटकीचा मोठा वाटा राजस्थानात पिकतो. ज्या जमिनीत ठिबक, मांडव आणि वेलींवर एवढा पैसा घातला आहे, त्या जमिनीत मटकी कोण पेरणार? पाव बेकरीचा आणि फरसाण शहरातून येणारे. बाहेरच्या काउंटरवर बेदाण्याची पाकिटे असतात, तीही बहुतेक ठिकाणी तासगाव-सांगलीकडची असतात, कारण आमच्या भागातला बहुतेक माल खाण्याची ताजी द्राक्षे म्हणून जातो. आता उलटा विचार करावा. आमच्या मळ्यात जे पिकते, ते तुम्ही न्याहारीला खाल का? जानेवारीअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत द्राक्षे असतात, पण मिसळीनंतर द्राक्षे कुणी मागत नाही, चहा मागतात.

मिसळ आम्ही का सुरू केली, हे सांगितल्याशिवाय बाकीचे कळणार नाही. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो. एप्रिलमध्ये नव्या काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ धरण्यासाठी गोडी छाटणी, मग फुटवा, फुलोरा, घडांची विरळणी, आणि या सगळ्या महिन्यांत फक्त खर्च. काढणीच्या तोंडावर गारपीट झाली, तर वीस मिनिटांत वर्ष जाते. मिसळीचा पैसा थोडा असला, तरी तो रविवारी संध्याकाळी हातात असतो आणि सोमवारी मजुरी देता येते. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, त्यानंतर आमच्या भागातल्या अनेकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीसाठी कागद जमवले. आम्हीही त्यांतलेच.

पण बाग आणि पाहुणे यांचे वेळापत्रक जुळत नाही, ही गोष्ट बाहेरून दिसत नाही. गोडी छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर डाऊनी आणि भुरी या दोन रोगांची भीती असते. रात्री पाऊस पडला किंवा दाट धुके आले, तर सकाळी फवारणीचा ब्लोअर जोडून ट्रॅक्टर बागेत घालावाच लागतो, आणि नेमकी तीच वेळ पाहुण्यांची. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी रात्री पाऊस झाला. रविवारी सकाळी साठ-सत्तर माणसे आधीच येऊन बसलेली होती आणि लहान मुले वेलींखाली पळत होती. औषधाचा फवारा त्यांच्या अंगावर कसा सोडणार? मी फवारणी संध्याकाळवर ढकलली. आठवड्याभरात कोपऱ्यातल्या सहा ओळींमध्ये पानांवर तेलकट डाग दिसू लागले आणि पुढे त्या ओळींचे घड गळाले. त्या वर्षी मिसळीने मिळवले ते त्या सहा ओळींनी घेतले, असे वडील अजून सुनावतात.

त्यानंतर आम्ही बैठक वेलींखालून काढून चिकू आणि आंब्याच्या झाडांखाली, विहिरीच्या बाजूला नेली आणि मध्ये शेवरीचे दाट कुंपण लावले. लोक नाराज होतात, कारण त्यांना लोंबत्या घडांखाली बसायचे असते. मुलांनी न विचारता घड तोडून तोंडात टाकू नये, असा फलक लावला आहे, तोही काहींना माणूसघाणा वाटतो. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेत प्रत्येक फवारणीची तारखेवार नोंद असते आणि फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचे, याचा नियम असतो. तो नियम परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी आहे, तसाच तुमच्या मुलासाठीही आहे.

छाटणीच्या काड्या चुलीत घालता का, असे बरेच जण कौतुकाने विचारतात. आम्ही घालत नाही, कारण त्यांच्यावर वर्षभराचे औषध बसलेले असते आणि त्या निखाऱ्यांत कांदा पुरायचा नसतो. चुलीला बाभूळच लागते.

बाजारवार

मळेकरी यांनी इतके मोकळेपणाने लिहिले, याबद्दल त्यांचे आभार. मात्र मला या चर्चेत एका मूळ गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. मिसळ ही मळ्यातली न्याहारी कधी नव्हतीच. आमचे गाव निफाड तालुक्यात. माझ्या आजोबांची न्याहारी म्हणजे बाजरीची भाकरी, रात्रीचे उरलेले पिठले किंवा मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि पितळी तांब्यातले ताक. आजी ती फडक्यात बांधून बांधावर नेत असे, तोवर आजोबांचे दोन-तीन तासांचे काम झालेले असे. भाकरीवर ठेचा पसरून, तिची घडी करून, एका हाताने खाता येई. मिसळ हा बाजाराच्या दिवसाचा पदार्थ होता. कांद्याच्या गाड्या घेऊन लासलगावला जायचे, लिलाव व्हायचा, हातात विक्रीच्या हिशेबाची पट्टी यायची आणि मग हॉटेलात बसून मिसळ खायची. ज्या दिवशी भाव पडलेला असे, त्या दिवशी आजोबा मिसळ न खाताच परत येत, आणि घरात शिरताना त्यांच्या हातात भजी-जिलबीचा पुडा नाही, यावरून आजीला त्या दिवसाचा भाव कळत असे.

तेव्हा गावच्या माणसाने चैन म्हणून शहरात जाऊन खाल्लेला पदार्थ आता शहरातला माणूस चैन म्हणून मळ्यात जाऊन खातो, असा हा उलटा प्रवास आहे. त्यात वाईट काही नाही, पण फलकांवर ‘पारंपरिक शेतकरी न्याहारी’ असे लिहून खाली मिसळीचे पाच प्रकार दिलेले असतात, तेव्हा मला गंमत वाटते. एखाद्या मळेकऱ्याने धीर करून भाकरी, ठेचा, पिठले आणि ताक एवढेच ताट मांडले, तर त्यात मळ्याचा वाटा चार बोटांपेक्षा नक्कीच जास्त असेल. मिरची, कांदा, लसूण आणि ताक घरचे, आणि बाजरीही जवळच्याच एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून घेता येईल.

मळेकरी

बाजारवार साहेब, हे आम्ही करून पाहिले आहे. पहिल्या हिवाळ्यात दोन महिने भाकरी-पिठल्याचे ताट ठेवले होते. अडचण चवीची नव्हती, हातांची होती. मिसळीचा रस्सा एकदा तयार झाला, की दोनशे ताटे वाढता येतात, पण भाकरी प्रत्येकी थापावी लागते. आई आणि चुलती मिळून तासाला फार तर चाळीस भाकरी होत, आणि गार भाकरी दिली तर पाहुणे परत पाठवत. तुमच्या आजोबांनी ती गारच खाल्ली असणार, हे त्यांना कोण सांगणार? चुलतीच्या खांद्याचे दुखणे वाढले, तेव्हा आम्ही ते बंद केले. आता सांगून येणाऱ्या दहा-बारा माणसांसाठी, तेही आठवड्याच्या मधल्या वारी करतो.

खलबत्ता

मटकीचा विषय निघाला आहे, म्हणून एक निरीक्षण. हिवाळ्यातल्या मळ्याच्या मिसळीत मोड आखूड आणि मटकी किंचित टणक लागते, अशी तक्रार मी पुष्कळांकडून ऐकली आहे. यात मालकाचा आळस नसतो. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा उन्हाळ्यात एका रात्रीत फुटणाऱ्या मोडांना दोन-दोन रात्री लागतात. जाणकार बायका भिजलेली मटकी पंच्यात बांधून गाठोडे चुलीच्या मागच्या उबेला ठेवतात. गॅसवर सगळे करणाऱ्यांना ही सोय नसते. चुलीचा हा उपयोग कुणाच्या छायाचित्रात येत नाही. मोड फार लांबही असू नयेत, कारण शेपटीएवढे वाढले की उसळ तंतुमय होते आणि रश्श्यात मटकी कमी, दोरे जास्त दिसतात.

उंबरठा

मळेकरी, बैठक वेलींपासून दूर नेल्याचे वाचून बरे वाटले. आपल्याकडे पाठ टेकायला येईल अशा दोन-चार खुर्च्या असतील, तर आई-वडिलांना घेऊन येण्याचा विचार आहे. वडिलांना ठेचा चालतो, जिलबी चालत नाही.

गोदातीर

सर्वांचे आभार. मळेकरी यांना व्यक्तिगत निरोप पाठवून मी गेल्या बुधवारी त्यांच्याकडे जाऊन आले, म्हणून धाग्यावर परत लिहीत आहे. आठवड्याच्या मधल्या वारी तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हते. चिठ्ठी नव्हती, चुलीपुढे गर्दी नव्हती, जिलबीही नव्हती. त्यांच्या आई चुलीसमोर पाटावर बसल्या होत्या. खलबत्ता यांनी लिहिल्याप्रमाणे मी आधी राखेत डोकावून पाहिले, आणि कांद्याची काळी साले खरोखर होती. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “काय हरवलं का बाई?”

खोबऱ्याची वाटी पेटवण्याचा प्रकार मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. त्यांनी ती फुंकर मारून विझवली, उलटी करून पाहिली आणि एका बाजूला जास्त जळली म्हणून तेवढा भाग विळीवर खरवडून टाकला. भाकरी तव्यावरून काढून त्या जाळाच्या कडेला उभ्या करत होत्या आणि फुगली की थेट आमच्या ताटात टाकत होत्या. पिठले, लसणीचा ठेचा, कांदा, ताक. ताक आंबट होते आणि त्यात बर्फ नव्हता. बागेत मात्र दाखवण्यासारखे काही नव्हते. नुकतीच खरड छाटणी झाली होती आणि सगळ्या वेली बोडक्या होऊन तारांना हात पसरून उभ्या होत्या. माझ्यासोबतच्या पाहुण्यांनी विचारले, की द्राक्षे कुठे आहेत. मळेकरी म्हणाले, “विकली.”

एक गोष्ट सांगायची राहिली. भाकरीच्या ताटाला मी जास्त पैसे देऊ केले, तेव्हा त्यांनी मिसळीइतकेच घेतले, आणि त्यांच्या आईंनी आतून हाक मारून त्यांना चार शब्द सुनावले. आईंचे म्हणणे, भाकरीला मिसळीपेक्षा जास्तच घ्यायला हवे.

मळेकरी

ताई, तो वाद अजून मिटलेला नाही. उंबरठा, हाताच्या खुर्च्या सहा आहेत. रविवारी येऊ नका, बुधवारी किंवा गुरुवारी या, आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत किती माणसे ते कळवा, म्हणजे पीठ तेवढेच दळता येईल.